छपराचा वाटा

गोदामात तीनशे बारा पिंपं होती. त्यांतली दोनशे चौऱ्याण्णव मागच्या सात हंगामांतली, ज्यांना सध्या कुणी विचारत नव्हतं. पंधरा त्याहून जुनी, आधी गोड वाइन मुरवलेल्या लाकडातली. ती बाबांनी हौसेनं भरली होती आणि त्यांचं पुढे काय करायचं हे ते कुणालाच सांगून गेले नव्हते. दोन रिकामी. एक थोरलीच्या जन्माच्या साली भरलेलं, जे छप्पर बदलताना विकावं लागलं. दुसरं धाकट्याचं, जे त्याच्या लग्नात संपलं. आणि एक मधल्याचं.

ते ओढ्याकडच्या भिंतीशी, खालच्या रांगेत होतं. मूल जन्माला आलं की त्या आठवड्यातली दारू एका पिंपात भरून ठेवायची, ही या घराची रीत. मधला सहाव्या वर्षी तापानं गेला. पिंप राहिलं. त्याला आता त्रेचाळीस वर्षं झाली होती, आणि त्याचं बूच कुणी काढलेलं नव्हतं. आईनं तसं सांगितलं होतं, मधला गेला त्या आठवड्यात, आणि पुन्हा सांगायची वेळ कधी आली नव्हती.

आज तिनंच काढा म्हटलं होतं.

थोरलीनं मोजकाठी पुसून भिंतीला टेकवली. शेजारी काचेचा उंच नळा, हायड्रोमीटर, थर्मामीटर, दोन मापं. भट्टीचं काम ती बाबांकडून शिकली होती, आणि बाबा काही मोजायचं असलं की आधी सगळं ओळीनं मांडायचे.

"काका, मोगरी?"

"सापडत नाही."

"आयुष्यभर तुमच्या कमरेच्या पट्ट्यात अडकवलेली असते."

"तेच ना. म्हणून दुसरीकडे कुठे शोधायची ते सुचत नाही."

काका बाबांचे धाकटे भाऊ. या गोदामातलं निम्म्याहून जास्त लाकूड त्यांनी बांधलेलं. ते एका उलट्या खोक्यावर बसून गुडघे चोळत होते आणि पिंपाकडे बघत नव्हते.

"तुम्हाला हे पटत नसेल तर तसं सांगा," थोरली म्हणाली. "लपाछपी कशाला?"

"माझ्या पटण्या न पटण्यावर या घरात कधी काय चाललंय? वहिनी हो म्हणाल्या ना? मग झालं." ते उठले. "बघतो गाडीत आहे का."

ते पिंपांच्या रांगांमधून दाराकडे निघाले. थोरलीला माहीत होतं, की ते तीनशे अकरा पिंपांना टिचकी मारत जातील. तशी त्यांची सवयच होती. आवाजावरून आत किती उरलंय ते सांगायचे आणि काठी घालून बघितलं की चार-पाच लिटरांच्या आतबाहेर बरोबर निघायचं. या एका पिंपाला त्यांनी टिचकी मारलेली तिला आठवत नव्हती.

*

धाकट्यानं आईला हात धरून उतरणीवरून आणलं. तिला चालता येत होतं, पण आज तिनं हात सोडवून घेतला नाही.

"किती वाजता येणार त्या बाई?"

"जेवणानंतर. नमुना घेतील, लगेच जातील. फार बोलत नाहीत."

"काचेची बाटली घेऊन येतील का स्वतःची?"

"आणतील की. का?"

"काही नाही," आई म्हणाली. "आपली चांगली धुतलेली नाहीये."

धाकटा गेली अठरा वर्षं या घराची दारू देशोदेशी विकत होता. विमानतळांवरच्या दुकानांत, हॉटेलांत, लिलावांत. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्याला लोक शोधत यायचे. आता तो लोकांना शोधत जायचा, आणि ते फोन उचलत नसत. भट्टी वसंतात थंड झाली होती. आठ माणसं अजून रोज येत, पितळी नळ घासत, झाडलेली जमीन झाडत. एका मोठ्या संग्राहकाच्या वतीनं या बाईंनी विचारलं होतं, चाळीस वर्षांच्या वरचं, कधीही न उघडलेलं, एकाच पिंपातलं काही आहे का. त्यानं उत्तर द्यायला आठवडा लावला. मग आईला सांगितलं. आई भाजी निवडत होती. निवडून झाल्यावर म्हणाली, भट्टी किती दिवस चालेल तेवढ्यात? तो म्हणाला, दोन हंगाम, कदाचित तीन. ती म्हणाली, मग दे.

इतक्या सहज म्हणाली, की त्याला रात्रभर झोप आली नाही.

गोदामात शिरल्यावर आईनं पदरानं नाक पुसलं. ओला दगड, जुनं लाकूड आणि त्यावर तरंगणारा तो गोडसर वास. वाशांवर काळी बुरशी चढलेली होती. ती पिंपांतून उडणाऱ्या वाफेवरच जगते. दोन टक्के दारू दर वर्षी लाकडातून अशी निघून जाते, आणि तिला बाबा छपराचा वाटा म्हणत. नवीन माणूस कामाला लागला की त्याला ते दोन गोष्टी सांगत. पहिली, छपराचा वाटा मोजायचा, पण त्याबद्दल रडायचं नाही. दुसरी, कमी झालं म्हणून पिंपात वरून कधीही ओतायचं नाही. पिंपाचं वय त्यातल्या सगळ्यांत नव्या थेंबाचं. तीस वर्षांच्या दारूत कालची वाटीभर ओतली, की ती एका दिवसाची झाली, आणि तीन वर्षं पुरी झाल्याशिवाय कायदा तिला व्हिस्की म्हणू देत नाही.

काका मोगरी घेऊन परत आले. "पट्ट्यातच होती," म्हणाले.

"काय म्हणत होते तिकडे दारूच्या प्रदर्शनात?" बसता बसता त्यांनी धाकट्याला विचारलं. घाई कुणालाच नव्हती.

"रडत होते. दोन मोठ्या कंपन्यांनी भट्ट्या विझवल्या. एकीनं शेतकऱ्यांना कळवून टाकलं, यंदा जव घेणार नाही. मधे सगळ्यांनी गोदामं बांधली, ती आता भरलीत. वर नवा आयात कर. आणि तरुण पोरं तर पीतच नाहीत."

"पोरं पीत नाहीत म्हणून डोक्याला हात लावणारं आपलंच एक घर असेल," काका म्हणाले.

आई हसली. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच हसली होती, आणि तिघांनीही ते पाहिलं नाही असं दाखवलं.

"चला," ती म्हणाली.

*

बूच त्रेचाळीस वर्षं बसलेलं असलं की ते लाकडात लाकूड होऊन जातं. दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर बराच वेळ ठोकावं लागतं, तेव्हा कुठे ते हलतं. काकांनी एका बाजूला एकदा ठोकलं. दुसऱ्या बाजूला मोगरी लागली आणि बूच उडून त्यांच्या पायाशी पडलं.

थोरलीनं ते उचललं. बुचाभोवती गुंडाळलेलं गोणपाट पिवळं होतं, स्वच्छ. काळं पडून, सडून गेलेलं असायला हवं होतं.

तिनं हिशोब आधीच केला होता. अडीचशे लिटरांचं पिंप, दर साल दोन टक्के, त्रेचाळीस वर्षं. एकशे पाच लिटर उरले असतील, म्हणजे दीडशे बाटल्या. काठी अठ्ठावीस सेंटिमीटरपर्यंत ओली व्हायला हवी. तिनं काठी आत सोडली, तळाला टेकवली, सरळ वर काढली.

साठ.

तिनं काठी पुसली आणि पुन्हा घातली.

"काय गं?" धाकटा म्हणाला.

"भरलेलं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे भरलेलं. जवळजवळ बुचापर्यंत."

"लाकूड चांगलं असेल. काका, तुम्हीच बांधलेलं ना? कमी उडालं असेल."

"बाळ्या, पोलादाचं असतं तरच एवढं भरलेलं राहिलं असतं." थोरलीनं नळीनं थोडं काढून काचेच्या नळ्यात घेतलं. रंग फिकट होता. हायड्रोमीटर सोडला, तो डोलत स्थिरावला. "अठ्ठावन्न पूर्णांक चार टक्के अल्कोहोल. एवढ्या वर्षांनी, या ओलाव्यात, पंचेचाळीसच्या वर असायला नको." तिनं मान वर केली. "काका."

काका मोगरीच्या दांड्याकडे बघत होते.

"काका, तुम्हाला माहीत होतं."

"बाजूनं जाताना ऐकू येतं. भरल्या पिंपाजवळ पावलं वेगळी वाजतात."

"कधीपासून?"

"मधला गेल्यावर चार-पाच वर्षांनी. इतर पोकळ होत चालली, हे नाही झालं."

"आणि तुम्ही सांगितलं नाही?"

"दादानं मला सांगू नको म्हटलं नव्हतं. सांग म्हणूनही म्हटलं नव्हतं." काका आईकडे वळले. "वहिनी, तो दर वर्षी एकदा पहाटे कॅन घेऊन यायचा. मी एकदाच पाहिलं. दारातूनच मागे फिरलो."

"एकदा म्हणजे कधी?" आईनं विचारलं. "कुठल्या महिन्यात?"

काकांनी महिना सांगितला. तारीख सांगायची गरज पडली नाही.

*

त्या तारखेला तिचा नवरा सगळ्यांच्या आधी उठायचा. आईला पांघरुणाखालून बुटांचा आवाज यायचा. 'भट्टीचा काटा तपासून येतो,' असं म्हणायचा, कुणी विचारलेलं नसताना. परत यायचा तेव्हा अंगाला कोऱ्या, अजून पिंपात न मुरलेल्या दारूचा वास असायचा. नाश्त्याला बसायचा, जवाच्या भावाबद्दल बोलायचा. मधल्याचं नाव नाही. डोळ्यांत काही नाही.

एका वर्षी तिनं विचारलंच. "आज काही आठवतं का तुम्हाला?"

"आज गुरुवार," तो म्हणाला होता.

ती पंधरा दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. मग बोलायला लागली, कारण दोन मुलं होती आणि घर चालवायचं होतं. पण आत कुठेतरी तिनं ते ठेवून दिलं होतं. हा माणूस विसरला. पोटच्या पोराचा जन्मदिवस विसरला. ती नीट बोलायची, जेवायला वाढायची, शेवटी शेवटी त्याला कूस बदलायला मदतही केली, आणि हे सगळं करताना ते तिथेच होतं. तो जायच्या आदल्या संध्याकाळी तिचा हात धरून काहीतरी म्हणायला लागला होता. तिनं म्हटलं होतं, झोपा आता.

ती पिंपाकडे बघत राहिली. पोरं काहीतरी बोलत होती. आधी हळू, मग मोठ्यानं.

*

"गेल्या वर्षीसुद्धा ओतलंय," धाकटा म्हणाला. "चाकांच्या खुर्चीवरून इथे सोड म्हणाले होते मला. एकट्याला बसू दे म्हणाले. मला वाटलं, निरोप घेतायत गोदामाचा. म्हणजे हे एका वर्षाचं आहे, ताई. कायद्यानं ही व्हिस्कीसुद्धा नाही."

थोरलीनं काठी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाली, "कागदावर तर त्रेचाळीस आहे."

"काय?"

"कागदावर एकदा भरल्याची नोंद. नंतर काही नाही. बाबांनी कुठे लिहिलेलं नाही." ती काठीशी चाळा करत होती. "एकशे चौसष्ट लिटर काढून दुसऱ्या पिंपात टाकायचे. उरलेल्यात पाणी घालून पंचेचाळीसवर आणायचं. रंग जरा फिका आहे, पण जुनं लाकूड कधीकधी देत नाही रंग. जेवणाआधी होईल."

धाकटा तिच्याकडे बघतच राहिला. ही तीच होती, जिनं मागे त्यानं लेबलावर 'हातानं ढवळलेली' असं छापलं म्हणून महिनाभर अबोला धरला होता.

"तू बोलतेयस हे?"

"मी बोलतेय. तू असतोस विमानात. रोज सकाळी आठ जण माझ्याकडे बघतात. काहीच काम नसताना नळ घासतात, कारण घरी जाऊन काय सांगायचं ते त्यांना कळत नाही. त्यातल्या दोघांना बाबांनी शाळेतून थेट आणलं होतं. आणि यातली चाळीसेक टक्के तरी त्रेचाळीस वर्षांचीच आहे. खोटं थोडंच आहे?"

"बरोबर बोलतेय ती," काका एकदम म्हणाले. "तपासणार कोण? दादा असता तरी माणसांचाच विचार केला असता."

"तुम्ही आत्ता मोगरी लपवत होतात!"

"तेव्हा उघडू नये असं वाटत होतं. आता उघडलंय."

"त्या बाई तपासणार नाहीत," धाकटा म्हणाला. "प्रयोगशाळेत पाठवायला लागेल का, असं मी स्वतःहून विचारलं होतं. तुमच्या वडिलांचं नाव पुरे, म्हणाल्या. ताई, तपासणार असत्या तर मी कदाचित तुझ्या बाजूनं आलो असतो, चला नशीब बघू म्हणून. तपासणार नाहीत, तीच अडचण आहे."

"तुला सोपं आहे."

"मला सोपं आहे? हे पिंप विकायची कल्पना माझी. आईला मी विचारलं. मी!" त्याचा आवाज चिरकला. "मधल्याला मी पाहिलेलंसुद्धा नाही. माझा जन्म तो गेल्यानंतरचा. आणि त्याचं पिंप विकायला मीच निघालो होतो."

थोरलीनं काठी खाली ठेवली. तिला मधला आठवत होता. फार नाही. गुडघ्यावरची खपली, आणि ती काढू नको म्हटलं की लगेच काढणारी बोटं. त्याच्या पिंपातून किती लिटर काढायचे ते तिनं आत्ता तोंडी हिशोब करून सांगितलं होतं, आणि हिशोब बरोबर होता. ती काकांच्या खोक्यावर बसली.

"त्या आठ जणांना मी काय सांगू?" ती म्हणाली. कुणाला म्हणाली, ते स्पष्ट नव्हतं.

"जे आहे ते सांग," आई म्हणाली.

तिघंही वळले.

"भट्टी पेटणार नाही म्हणून सांग. दुसरीकडे काम बघा म्हणावं, आम्ही शब्द टाकतो. मी येते तुझ्याबरोबर. एकटीनं नको सांगूस." मग धाकट्याला म्हणाली, "आणि तू त्या बाईंना फोन कर. उगाच एवढ्या लांबून येतील. माफी माग त्यांची."

"आई, नीट विचार कर. मग काहीच उरत नाही. बँक जागा घेईल. हे गोदाम पण."

"हो."

"पिंपं उचलून नेतील."

"हे न्यायचं नाही. बाकीची नेऊ देत." ती उठली. धाकटा पुढे झाला, पण तिनं त्याचा हात घेतला नाही. ती पिंपापाशी गेली आणि बुचाच्या भोकात वाकून बघितलं. आत अंधार होता. तोंडावर वाफ आली तेव्हा तिनं डोळे मिटले, पण मागे सरली नाही. "यंदाची तारीख गेल्या महिन्यात झाली."

"माहीत आहे," थोरली म्हणाली.

"तुला माहीत होती?"

"दर वर्षी असते, आई. तू त्या दिवशी कुणाशी बोलत नाहीस."

आईनं तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "कोरी उरलीय का थोडी? शेवटची?"

"टाकीत आहे. चाळीसेक लिटर."

"आण."

"ओतलं की संपलं, वहिनी," काका म्हणाले. "कोऱ्या दारूचा वास नमुन्यात लपणार नाही. मग कुणी बुद्धी फिरवायची म्हटली तरी फिरवता येणार नाही."

"म्हणूनच आत्ता आणा."

थोरली गेली. धाकटा दाराबाहेर उभा राहून फोनवर बोलत होता. त्याचं 'नाही, नाही, चूक पूर्णपणे आमची' तेवढं आत ऐकू आलं. काकांनी बुचासाठी नवं गोणपाट फाडायला घेतलं. कडा सरळ फाटली.

"भावजी," आई म्हणाली, "रडत होते का हो? तुम्ही पाहिलंत तेव्हा?"

"पाठ होती माझ्याकडे. बोलत होता काहीतरी."

"कुणाशी?"

"इथे दुसरं कोण होतं?"

"काय बोलत होते?"

"जवाचा भाव सांगत होता," काका म्हणाले. "यंदा किती भट्ट्या लावल्या. ताईचा शाळेत कितवा नंबर आला. असलंच."

आईनं पिंपाच्या लोखंडी कड्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

थोरली कॅन घेऊन आली. कोरी दारू पाण्यासारखी स्वच्छ होती. धाकट्यानं नरसाळं धरलं. पाच लिटरांचं माप आईला एकटीला उचलवेना, म्हणून थोरलीनं खालून हात लावला. पण तिरपं आईनंच केलं. पहिलं माप पूर्ण आत गेलं. नरसाळं काढून पाहिलं तर पातळी अजून भोकाच्या जरा खाली होती. मग लिटरचं माप भरून घेतलं. आई हळूहळू ओतत होती. भोकाच्या काठाशी दारू चकाकायला लागली, फुगीर झाली आणि थांबली.

काकांनी बूच बसवलं. एका बाजूला ठोकलं, मग दुसऱ्या.

थोरलीनं माप उजेडात धरून डोळ्यांच्या रेषेत आणलं. सातशे मिलिलिटर शिल्लक होतं.

पाच लिटर तीनशे मिलिलिटर मावलं.